दारू सुटून दोन महिने झाले, तरी बरं का वाटत नाही?

दारू सोडणाऱ्याला सगळे पहिल्या आठवड्याबद्दल सांगतात. हात कापतील, घाम फुटेल, उलट्या होतील, चार-पाच दिवसांत उतरेल. तसं ते उतरतंही. आई अंबाबाईची ओटी भरून येते, बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल होतो. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणूस म्हणायला लागतो, "दारू सोडली खरी, पण मला काय बरं वाटंना झालंय." रात्री तीनला टक्क जाग. कामावर लक्ष नाही. पोरानं टीव्हीचा आवाज जरा वाढवला तरी डोकं फिरतं. ताटात तांबडा-पांढरा असला तरी जेवल्यासारखं वाटत नाही. आणि मग एका संध्याकाळी मनात येतं, की सोडून तरी काय मिळालं?

बरीच माणसं परत पितात ती इथे, पहिल्या आठवड्यात नाही. कारण या दुसऱ्या टप्प्याची कल्पना कुणी दिलेली नसते. त्रास होतोय म्हणजे आपल्याला दारू सोसतच होती, शरीरालाच ती लागते, असा उलटा अर्थ माणूस लावतो. तो अर्थ चुकीचा आहे, आणि या काळात त्रासापेक्षा तो अर्थच जास्त घातक ठरतो. म्हणून खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पहिल्या वर्षाबद्दल आहे.

आधी एक खबरदारी

शेवटचा पेग घेऊन ज्यांना निदान आठ-दहा दिवस झालेत त्यांनी पुढे वाचावं. जो अजून रोज पितोय आणि "उद्यापासून एकदम बंद" म्हणतोय, त्यानं आधी डॉक्टर गाठावा. सकाळी उतारा घेतल्याशिवाय ज्याचा हात थांबत नाही, किंवा पूर्वी दारू सोडताना ज्याला फिट आली आहे, त्यानं तर घरात एकट्यानं सोडूच नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलताना ऐकू येतात, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. गावाकडे याला बाहेरची बाधा समजून आधी देवऋष्याकडे नेतात आणि एक दिवस हातचा जातो. तसं करू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. "मागच्या वेळी मी घरीच सोडली होती" हाही हिशेब चालत नाही. सोडणं आणि परत धरणं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढू शकतो.

डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं

दारू मेंदूचा ब्रेक दाबते. गाबा नावाचं रसायन मेंदूला शांत करतं, दारू त्याचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट नावाचं उत्तेजित करणारं रसायन दाबते. वर्षानुवर्षं रोज ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू चालू राहण्यासाठी ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. आंबा घाटात ब्रेकवर पाय ठेवून, इंजिनाला जोर देत गाडी चालवणारा ड्रायव्हर डोळ्यांपुढे आणा. दारू बंद झाली म्हणजे ब्रेकवरचा पाय अचानक निघाला, ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहिला. पहिल्या आठवड्यातली थरथर त्यातून येते. मोठा धक्का काही दिवसांत ओसरतो, पण ॲक्सिलरेटर पूर्ण वर यायला महिने लागतात. तेवढ्या काळात झोप तुटते, छातीत धडधडतं, छोट्या गोष्टीनं दचकायला होतं.

दुसरी गोष्ट आनंदाची. डोपामीन हे रसायन एखादी गोष्ट हवीशी वाटण्याशी जोडलेलं आहे. दारूनं ते इतकं उचकवलेलं असतं, की ती बंद झाल्यावर साध्या गोष्टींना दाद देणारी यंत्रणा काही काळ मंद पडते. पोरीचा निकाल चांगला लागला, पाऊस पडला, फुटबॉलच्या मॅचला आपली पेठ जिंकली, तरी आतून काही हलत नाही. हे तुमच्या स्वभावातलं कोरडेपण नाही, आणि ते कायमचंही नाही.

डॉक्टर या रेंगाळणाऱ्या त्रासाला पोस्ट अक्यूट विथड्रॉवल म्हणतात. काही डॉक्टर तो शब्द वापरत नाहीत, कारण आजारांच्या अधिकृत यादीत त्याची वेगळी नोंद नाही. कुणी चिंता म्हणेल, कुणी नैराश्य, आणि कधी कधी ती खरंच शेजारी बसलेली असतात. नावावरून वाद घालू नका. त्रास काय आहे ते सांगा.

हा त्रास एका सरळ रेषेत कमी होत नाही. दहा दिवस बरे जातात, माणसाला वाटतं सुटलो, मग तीन दिवस वाईट फेरा येतो. पुन्हा बरे दिवस. हळूहळू फेऱ्यांतलं अंतर वाढतं आणि त्यांचा जोर कमी होतो. पहिले दोन-तीन महिने सहसा जड जातात. झोप पूर्ववत व्हायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात. सगळ्यांना सगळंच होतं असंही नाही. काहींना फक्त झोपेचा त्रास होतो, काहींना फक्त राग येतो.

पहिलं काम: तपासणी

सोडल्यावर पंधरा दिवसांत एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, बरं वाटत असलं तरी. कोल्हापुरात सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. "मी काय येडा हाय काय?" हा प्रश्न इथे ठरलेला असतो. तो घरी विचारून झाला असेल तर केसपेपर काढायला निघा. गर्दी असते, सकाळ मोडेल, डबा बरोबर घ्या.

डॉक्टरांपुढे लाजून आकडा कमी सांगू नका. रोज क्वार्टर होती की खंबा, देशी होती की इंग्लिश, किती वर्षं, शेवटची कधी, फिट आली होती का, तंबाखू किंवा मावा किती, शुगर-बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आधीच कागदावर लिहून न्या. कारण या काळात डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं हवं तेच आठवत नाही. लिव्हरची तपासणी, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड, एवढं करायचं का असं विचारा. थायरॉइड कमी असला किंवा रक्त कमी असलं तरी थकवा आणि उदासी अशीच दिसते, आणि सगळं खापर दारू सोडण्यावर फुटतं.

बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं, आवर्जून विचारा. दारू पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी पडतं. जेवण कमी असतं आणि जे पोटात जातं त्यातूनही ते नीट शोषलं जात नाही. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते उपचाराविना राहिलं तर स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

गोळ्यांबद्दल

दारू सोडल्यानंतर द्यायची औषधं आहेत, आणि ती घेणं हा कमीपणा नाही. अकॅम्प्रोसेट ही गोळी तलफ कमी करायला मदत करते. ती दिवसातून तीनदा घ्यावी लागते आणि किडनीचा गंभीर त्रास असलेल्यांना देत नाहीत. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा आणि ओढ दोन्ही मंद करते, त्याआधी लिव्हर बघतात. ती चालू असताना ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं घेता येत नाहीत, म्हणून दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

तिसरी डायसल्फिराम. ती चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतं. जीवावरही बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. हृदयविकार असलेल्यांना ती देत नाहीत. ज्याला ती काय आहे हे माहीत आहे आणि ज्यानं स्वतः होकार दिला आहे, त्याच्यासाठीच ती आहे. एसटी स्टँडच्या आसपास आणि विजेच्या खांबांवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. घरच्यांनो, आमटीत पूड कालवायचा तो उद्योग करू नका. त्या पुडीत काय आहे हे विकणाराही सांगणार नाही, आणि नवऱ्यानं बाहेर पिऊन आल्यावर जे होईल त्याला जबाबदार कोण?

डायसल्फिराम चालू असताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा, जी आपल्याकडे हमखास सुटते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशा आसव-अरिष्टांत अल्कोहोल तयार झालेलं असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. खोकल्याच्या काही औषधांत आणि होमिओपॅथीच्या टिंक्चरमध्येही असतं. आजीनं "पचनाला चांगलं असतंय रं" म्हणून दिलेला घोट नको. गोळी चालू नसली तरी नकोच, चव आणि वास मेंदूला जुनी वाट दाखवतात. बिनअल्कोहोलच्या बिअरचंही तसंच.

आणि झोपेच्या गोळ्या. पहिल्या आठवड्यात थरथर थांबवायला डॉक्टरांनी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम दिलेली असते, ती ठरावीक दिवसांत कमी करत बंद करायची असते. ती चिठ्ठी खिशात राहते. दोन महिन्यांनी झोप येईना म्हणून माणूस ओळखीच्या मेडिकलमधून तीच गोळी आणतो, आधी अर्धी, मग एक, मग दोन. या गोळ्या मेंदूत दारूच्याच जागी काम करतात. एक व्यसन सोडून दुसरं धरायचं असेल तर हा सगळ्यात सोपा रस्ता. जुनी चिठ्ठी फाडून टाका.

कॅलेंडरवर दोन आकडे

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय यासाठी पुरेसं आहे, वेगळी वही लागत नाही. रोज रात्री त्या तारखेच्या चौकटीत दोन आकडे लिहा: काल किती तास झोप झाली आणि आज मन किती जड होतं, शून्य ते दहा. तलफ आली असेल तर वेळ लिहा. बाकी काही नाही. घरच्यांनी वाचू नये असं वाटत असेल तर आकड्यांचा अर्थ त्यांना सांगू नका.

पाच-सहा आठवड्यांनी मागे वळून बघितलं की दोन गोष्टी दिसतात. एक, वाईट दिवस वाटले तितके सलग नव्हते. वाईट फेऱ्यात माणसाला शपथेवर वाटतं की दारू सोडल्यापासून एकही दिवस चांगला गेला नाही, आणि कॅलेंडर त्याला खोटं पाडतं. दोन, फेऱ्यांना वेळापत्रक असतं. कुणाचा पगाराच्या तारखेला, कुणाचा उसाचं बिल जमा झालं की, कुणाचा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. कुणाचा भावाचा फोन येऊन गेला की. एकदा वेळापत्रक कळलं की त्या दिवसाची तयारी करता येते.

झोप

मला विचाराल तर सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, कारण झोप सुधारली की रागही उतरतो आणि तलफही.

उठायची वेळ पक्की करा. रात्री किती वाजता झोप लागली याला महत्त्व देऊ नका, पण सकाळी सहा म्हणजे सहा. आदल्या रात्री दोन तासच झोप झाली असली तरी. पहिले आठ दिवस शिव्या द्याल. उठल्यावर बाहेर पडा. रंकाळ्यावर जा, कळंब्याला जा, गल्लीतच चाला, पण डोळ्यांवर सकाळचा उजेड पडू द्या. झोपेचं घड्याळ जागेवर यायला तो मदत करतो. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या पुढे नको.

चहा. कोल्हापुरात हा नाजूक विषय आहे. दारू सोडलेला माणूस दिवसाला आठ-दहा चहा सहज रिचवतो, कारण हातात काहीतरी लागतं आणि टपरीवर उभं राहायला निमित्त लागतं. दुपारी चारनंतर चहा बंद करा. टपरी बंद करू नका, तिथली माणसं लागतात. संध्याकाळी हातात ग्लास हवाच असेल तर गंगावेशीत दूधकट्टा आहे, समोर काढलेलं म्हशीचं दूध मिळतं. संध्याकाळी पायांना कुठेतरी जायची सवय असते, त्यांना ही वाट द्या. शुगर किंवा वजन जास्त असेल तर मात्र रोज नको.

अंथरुणात पडून वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. अंधारात पडून छताशी भांडण करू नका. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, कंटाळवाणं काही वाचा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल मात्र नको, तीन वाजता मोबाइल हातात घेतला की पाच वाजलेच.

दारूची स्वप्नं पडतील. स्वप्नात तुम्ही पिता, चव लागते, नशा चढते, आणि जाग येते तेव्हा छातीत धस्स होतं. काही जण उठून आपल्याच तोंडाचा वास घेतात. हे बहुतेकांना होतं. तुमच्या मनात अजून पाप आहे असा त्याचा अर्थ नाही. पाणी प्या, सकाळी कुणाला तरी सांगा.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्यांचं काय? शक्य असेल तर पहिले तीन-चार महिने रात्रपाळी टाळा. कारण सांगायचं नसेल तर "ट्रीटमेंट चालू आहे, डॉक्टरांनी रात्रपाळी नको म्हटलंय" एवढं पुरतं, आणि तसं लिहून द्यायला डॉक्टर सहसा तयार असतात. फौंड्रीत, प्रेसवर, लेथवर काम असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. या काळात लक्ष उडतं, हात एक क्षण उशिरा हलतो. बोटं गेल्यावर सुट्टी मिळून उपयोग नाही. वाईट फेरा असेल त्या दिवशी मशीनऐवजी पॅकिंगला किंवा तपासणीला बसवा म्हणून सांगा. लांब गाडी चालवणंही त्या दिवशी दुसऱ्याकडे द्या.

खाणं, आणि संध्याकाळचे दोन तास

संध्याकाळी साधारण सहा ते आठ. रोजची बैठक भरायची ती वेळ. मेंदू घड्याळ बघून तलफ देतो, आणि पोट रिकामं असेल तर दुप्पट देतो. म्हणून साडेपाचला काहीतरी खा. शेंगदाणे-फुटाणे चांगले, पण एक लक्षात ठेवा: तुमच्यासाठी ते चखणा होते का? खारे शेंगदाणे तोंडात टाकले की पुढचं आठवणारी माणसं आहेत. त्यांनी केळ, शेंगदाण्याचा लाडू, भाकरीचा तुकडा, दही-पोहे असं काही धरावं.

गोड खावंसं वाटेल, फार वाटेल. जो माणूस आयुष्यात जिलेबीला शिवला नाही तो गुळाचा खडा खिशात घेऊन फिरतो. पहिले काही महिने याला फारसं अडवू नका. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

सकाळी उपाशीपोटी झणझणीत मिसळ नको. कट जगात भारी असला तरी दारूनं सोललेल्या जठराला तो सोसत नाही, आणि आम्लपित्तानं रात्री जाग आली की आपण परत झोपेच्या प्रश्नावर येतो. ज्वारीची भाकरी, मेथी, मूग, अंडी, ताक. महिन्या-दोन महिन्यांनी पोट शांत झालं की मिसळ खा, पाव कमी, शांतपणे.

मटणाशी भांडण नाही. पण आपल्याकडे मटण एकटं येत नाही, त्याच्याभोवती चार माणसं आणि त्यांच्या बाटल्या येतात. रस्सा मंडळाला पहिले सहा महिने सुट्टी द्या, मटण घरी शिजवा.

व्यायामाबद्दल थोडक्यात. कोल्हापूरच्या माणसाला लगेच तालीम आठवते. लाल माती लहानपणी अंगाला लागलेली असते, आणि दारू सुटली की पहिल्याच आठवड्यात तो दोनशे जोर मारायला निघतो. थांबा. हृदय आणि बीपी तपासून घ्या. रोज अर्धा-पाऊण तास चालण्यानं सुरुवात करा आणि महिनाभर तेवढंच करा.

तलफ आली तर

तलफ सहसा वीस-तीस मिनिटांत ओसरते, तुम्ही काही केलं नाही तरी. अडचण एवढीच की त्या वेळी ती कायमची वाटते. तेव्हा "आयुष्यभर पिणार नाही" अशी शपथ घेऊ नका, "पुढचा अर्धा तास नाही" एवढंच ठरवा. जागा बदला, बसला असाल तर उठा, घरात असाल तर बाहेर पडा. भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकवा आहे का, हे चार प्रश्न स्वतःला विचारा. यातल्या एकाचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं, आणि त्याचा इलाज दारूच्या दुकानात नसतो. मग एका माणसाला फोन करा. तो माणूस आधी ठरलेला हवा, आणि त्याला माहीत हवं की तुमचा फोन कशासाठी येतो.

वाट बदला. कामावरून घरी येताना जो परमिट रूम लागतो त्याच्यापुढून जायची बहादुरी दाखवू नका, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. पगार काही महिने बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जाऊ द्या, मोबाइलमधलं पैशांचं ॲप काढून टाका. लहान मुलासारखं वाटेल. वाटू दे.

मित्र. "काय भावा, एकच घे की, एकानं काय होतंय?" याला लांब उत्तर देऊ नका. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या, मेंदू, डोपामीन काही सांगू नका, पिणाऱ्याला वाद घालायला आवडतं. "गोळ्या चालू हाईत, लिव्हरसाठी डॉक्टरांनी बंद केलीय." संपलं. लिव्हरचं नाव काढलं की कोल्हापूरचा माणूस गप्प बसतो, स्वतःच्या लिव्हरची आठवण येऊन.

वर्षातले अवघड दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. आकाडातल्या पार्ट्या आणि गटारी, गणपतीची विसर्जन मिरवणूक, गावची जत्रा, हळदीचा कार्यक्रम, ३१ डिसेंबर. निवडणूक कुठलीही असो, ग्रामपंचायतीची की साखर कारखान्याची, त्या पंधरवड्यात फुकट मिळते आणि घरपोच मिळते. तेव्हा पाहुण्यांच्या गावाला जाणं हा भित्रेपणा नाही. लग्नाला जायलाच हवं असेल तर अक्षता टाका, पहिल्या पंगतीला जेवा आणि निघा. स्वतःची गाडी घेऊन जा, म्हणजे दुसऱ्याच्या निघण्याची वाट बघावी लागत नाही.

घरचे

घरच्यांसाठी हे प्रकरण विचित्र असतं. पिणं थांबलं, तरी माणूस आधीपेक्षा चिडका झाला. "अहो, तुम्ही पीत होता तेव्हा निदान जेवून गप झोपत तरी होता," असं एखादी दमलेली बायको म्हणून जाते. तिला तसं म्हणायचं नसतं, आणि नवऱ्याला मात्र तेवढंच वाक्य पुरतं. म्हणून हे दोघांनी मिळून वाचावं. बायकोनं किंवा आईनं रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं थांबवावं. आठवड्यातून एकदा बसून बोलायचं ठरवा. आणि ज्यानं सोडली आहे त्यानं वाईट फेरा आला की तोंड उघडून सांगावं, "आज मला जड जातंय. तुझ्यावर राग नाही. अर्धा तास एकटं बसू दे." इतकी वर्षं घरच्यांनी सोसलं आहे, त्यांचा विश्वास दोन महिन्यांत परत येत नाही. तो लवकर यावा म्हणून त्यांच्याशी भांडणं हा नव्यानं सोडलेल्यांचा आवडता उद्योग, आणि तो कधीच यशस्वी होत नाही. दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात, तिथे बायकोला, आईला स्वतःसाठी जाता येतं.

पहिल्या वर्षात मोठे निर्णय नकोत. नोकरी सोडणं, जमीन विकणं, भावाशी वाटणीचा विषय काढणं, नवा धंदा, घटस्फोट. वाईट फेऱ्यात यातलं प्रत्येक अगदी तातडीचं वाटतं. मारहाण होत असेल, कुणाचा जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबू नका.

एकट्यानं नको

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. त्याच्या सभा आपल्याकडे मराठीत चालतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, हजेरी नाही. पहिल्या दिवशी बोलायचीही सक्ती नाही. देवाचा उल्लेख काहींना खटकतो, काहींना प्रार्थना खटकते. तेवढा भाग कानाआड करून बाकीचं ऐका. ज्याला सात महिने झालेत तो माणूस "मलाही दोन महिन्यांनी असंच होत होतं" म्हणतो, त्या वाक्याचं काम कुठली गोळी करत नाही. एक सभा पटली नाही तर दुसरीकडे जाऊन बघा, माणसं बदलली की सभा बदलते.

घरी राहून जमतच नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायचा मार्ग आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, कोल्हापूर भागातूनही तिथे जाता येतं. दुसरं केंद्र निवडताना डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, बांधून ठेवणं-मारणं चालतं का, हे स्वतः जाऊन बघा. फक्त माहितीपत्रकावर जाऊ नका. सरकारची नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

उदासी सलग दोन आठवडे हटली नाही, अन्न जाईना झालं, किंवा "आपण नसलेलं बरं" असे विचार येऊ लागले तर त्याला नेहमीचा फेरा समजून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा किंवा १४४१६ ला फोन करा. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि शेतीची औषधं घरातून हलवावीत.

आणि घेतलीच तर? एक पेग झाला म्हणजे आधीचे महिने पाण्यात गेले असं नाही. "आता गेलंच आहे तर पुरता खंबा होऊ दे" हा विचार त्या पेगापेक्षा महाग पडतो. उरलेली ओतून टाका. ठरलेल्या माणसाला त्याच रात्री फोन करा, सकाळपर्यंत थांबलात तर लपवायला कारणं सुचतात. डायसल्फिराम चालू असेल तर त्रासाची वाट न बघता दवाखान्यात जा आणि गोळीचं नाव सांगा. चार-सहा दिवस सलग पिणं झालं असेल तर परत घरी बसून एकदम बंद करू नका, वर लिहिलेला फिटचा धोका पुन्हा लागू होतो, आधी डॉक्टर. आणि कॅलेंडरच्या त्या चौकटीत वेळ, जागा आणि बरोबर कोण होतं एवढं लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला ते पान बरोबर न्या.